सेवा ही साधना कशी काय? (उपवासकाळातला एक प्रश्न)

कॅम्पवाली
जय ख्रिस्त मंडळी, आणि बाकी सगळ्यांना नमस्कार. धागा सर्वांसाठी खुला आहे, फक्त ख्रिस्ती लोकांसाठी नाही.

आमच्या चर्चमध्ये यंदा पाळकसाहेबांनी उपवासकाळात (ईस्टरआधीचे चाळीस दिवस) उपवास, प्रार्थना, वचनवाचन यांच्या जोडीला सेवा हाही नेम धरायला सांगितलाय. रोज दुसऱ्यासाठी काहीतरी एक काम करायचं. इथवर छान. पण तरुण संघाने लगेच त्याचा तक्ता केला, आता रोज रात्री व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणी काय केलं ते टाकायचं, फोटोसकट. काल एकाने ससूनबाहेर केळी वाटतानाचा सेल्फी टाकला त्याला सत्तर अंगठे.

फोटोचं सोडा, तो वेगळा आजार आहे. माझा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. प्रार्थना साधना आहे हे कळतं, माणूस एकटा देवासमोर बसतो. उपवासही कळतो, पोट माझं, भूक माझी. पण सेवा तर दुसऱ्याच्या गरजेसाठी असते ना? ती मी "माझ्या आत्मिक वाढीसाठी" करायची म्हणजे तो समोरचा भुकेला माणूस माझ्या वाढीचं साधन झाला का? हे मला कुठेतरी खटकतंय. ज्यांनी यावर विचार केलाय किंवा वर्षानुवर्षं अशी सेवा केलीये त्यांनी लिहा प्लीज.

सडेतोड
भुकेल्याला काही फरक पडत नाही. केळं ते केळं. पुढचा धागा.

कॅम्पवाली
@सडेतोड त्याला नसेल पडत, मला पडतो. म्हणून तर धागा काढला.

वसईचा_वारा
आमच्याकडे पण राखेच्या बुधवारपासून, म्हणजे उपवासकाळाच्या पहिल्या दिवसापासून, हेच चाललंय, फक्त तक्ता नाहीये. पण ताई, दिखाव्याचं म्हणाल तर आज्ञा गुरुवारचे (ईस्टरआधीचा गुरुवार, प्रभूने शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण) पाय धुणे घ्या. फादर बारा जणांचे पाय धुतात. ते बारा जण आदल्या दिवशी पार्लरमध्ये जाऊन आल्यासारखे येतात! नखं कापलेली, टाचा घासलेल्या, नवीन मोजे. माझ्या काकांचा नंबर लागला होता तर काकूने त्यांचे पाय घरीच दोनदा धुवून पाठवले, म्हणजे फादरला धुवायला काही उरलंच नाही :-)

टोमॅटो_सार
खरे पाय काकूने धुतले म्हणायचं मग.

वसईचा_वारा
@टोमॅटो_सार आणि तिचं नाव यादीत नव्हतं. तेव्हा बायकांना बसवतच नव्हते. पोप फ्रान्सिसनी २०१३ मध्ये रोमच्या बालगुन्हेगारांच्या तुरुंगात जाऊन पाय धुतले, त्यात मुली होत्या, मुसलमान पण होते, आणि २०१६ मध्ये अधिकृत नियमच बदलला. आता आमच्याकडे काही ठिकाणी बायका असतात.

निवृत्त_पाळक
कॅम्पवाली ताई, प्रश्न चांगला आहे. जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर पुढे जा.

मत्तयाचा सहावा अध्याय काढून बघा. प्रभू तिथे तीन गोष्टी एका पाठोपाठ घेतो: दानधर्म, प्रार्थना, उपवास. याच क्रमाने. दानधर्म पहिला! आणि तिन्हींना अट एकच, गुप्तपणे करा, लोकांनी बघावं म्हणून नको. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये हे वाक्य आपण लग्नातल्या आहेराच्या पाकिटावर पण लिहितो, पण ते आलंय या ओळीत. म्हणजे गरजूसाठी काही करणं हे प्रार्थना-उपवासाच्या रांगेत स्वतः प्रभूनेच बसवलंय, तुमच्या पाळकांनी काही नवीन काढलेलं नाही. तरुण संघाच्या फोटोंचं उत्तरही त्याच अध्यायात आहे, त्यांना नुसतं वाचायला द्या, बोलू नका.

आता "साधन" होण्याबद्दल. सहाव्या शतकात इटलीत संत बेनेडिक्टने मठासाठी नियम लिहिले. त्यात एक अख्खं प्रकरण स्वयंपाकघराच्या पाळीवर आहे. आठवड्याची पाळी, आजारी किंवा फार महत्त्वाच्या कामात असलेला सोडून कोणालाही सूट नाही. शनिवारी पाळी संपवणाऱ्याने सगळी साफसफाई करायची, हातपाय पुसायची फडकी धुवायची, भांडी होती तशी स्वच्छ आणि धड कोठीवाल्याच्या ताब्यात द्यायची. जाणारा आणि येणारा दोघांनी मिळून सगळ्यांचे पाय धुवायचे. आणि मला सर्वात आवडलेला भाग, वाढप्यांना जेवणाच्या तासभर आधी जास्तीचा भाकरीचा तुकडा आणि प्यायला काहीतरी द्यायचं, का? तर त्यांनी कुरकुर न करता वाढावं म्हणून! म्हणजे त्याला माणूस नीट माहीत होता. उपाशीपोटी सेवा करणारा चिडचिड करणारच.

यात कुठे "माझी वाढ किती झाली" हा हिशेब दिसतो का? पाळी आली, केली, फडकी धुवून पुढच्याला दिली. वाढ व्हायची तर त्या फडक्यांमधून होते, तिच्याकडे बघत बसायचं नाही.

वचन_एके_वचन
पाळकसाहेब आदर आहे, पण हे मठ-बिठ, नियम-बियम हा सगळा कर्मकांडाचा रस्ता आहे. बायबलमधलं इफिसकरांचं पत्र, इफिस २:८-९ स्पष्ट आहे, तारण कृपेने, विश्वासाने, कृत्यांनी नाही. सेवेला साधना म्हटलं की लोकांना वाटतं आपण पायऱ्या चढतोय. आणि प्रेषितांनी तर प्रेषितांची कृत्ये (प्रे. कृ.) ६ मध्ये सरळ सांगितलं की वचन सोडून आम्ही पंगतीला वाढत बसणं बरोबर नाही. त्यांनी ते काम दुसऱ्यांना दिलं.

निवृत्त_पाळक
इफिस २:१० पण वाचा बंधू, एकच वचन पुढे आहे. सत्कृत्यांसाठीच घडवलं म्हणतो. पायऱ्या चढू नका, मान्य. पण पाय तरी हलवाल?

प्रे. कृ. ६ बद्दल: विधवांच्या रोजच्या वाटणीत भेदभाव होत होता, ग्रीक बोलणाऱ्या विधवांना डावललं जात होतं, म्हणून सात जण नेमले. त्यांची पात्रता काय मागितली? चांगलं वाढता येतं, हिशेब येतो, असं नाही. आत्म्याने आणि ज्ञानाने पूर्ण असावेत. त्यात स्तेफन होता, पहिला रक्तसाक्षी, म्हणजे विश्वासासाठी जीव दिलेला. पंगत वाढणं हलकं काम असतं तर एवढा मोठा माणूस तिथे कशाला लावला असता.

धाकटी_सून
मी सहसा लिहीत नाही पण हे वाचून राहवलं नाही.

माझ्या सासूबाई चार वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. चर्चमधून लोक भेटायला यायचे, प्रार्थना करायचे, जाताना मला म्हणायचे "प्रभू तुझी सेवा बघतोय". कोणी म्हणालं नाही की आज दुपारी मी बसते तू जरा झोप. एका ताईंनी तर महिला मंडळात माझी साक्ष द्यायला सांगितली, सेवेतून आशीर्वाद वगैरे. मी नाही दिली. कारण खरं सांगायचं तर मला त्या काळात देव कमी आणि घड्याळ जास्त दिसत होतं.

तर प्रश्न असा, की जी सेवा आपण निवडली नाही, जी गळ्यात पडली, ती साधना की नाही? निवडून करणाऱ्यांना साधना म्हणायचं आणि घरच्या बाईला "ते तर तिचं कामच आहे" म्हणायचं, हा हिशेब मला मान्य नाही. घरात तीन मुलगे होते, साधना एकालाही सुचली नाही.

टोमॅटो_सार
_/\_

खमंग
@धाकटी_सून अगदी अगदी. आमच्या प्रीतिभोजनाला पुरुष मंडळी माईकवर "सेवा" या विषयावर बोलतात आणि मागे बायका पातेली घासतात. वाढायला सगळे पुढे, कारण वाढताना लोक बघतात, "अजून घ्या, अजून घ्या" म्हणता येतं. मागचं आवरायला कोण? खरकटं एका टबात, तळाला लागलेला भात वेगळा भिजवायचा, सतरंज्या झटकून घड्या. तरुण संघाचा तक्ता तिथे लावा.

सडेतोड
सतरंज्या उचलणाऱ्याला पक्षातही तिकीट मिळत नाही, चर्चमध्ये काय मिळणार.

खमंग
@सडेतोड पहिल्यांदा पटलं तुझं काहीतरी.

पोटोबा
अवांतर: प्रीतिभोजनाच्या मटणाच्या रश्श्याची रेसिपी कोणी देईल का, नगरकडे खाल्ला होता, तसा कुठे मिळाला नाही.

वसईचा_वारा
उपवासकाळ चालू आहे हो! ईस्टरनंतर विचारा.

प्रश्नचिन्ह
मी ख्रिस्ती नाही त्यामुळे स्पष्ट विचारतो, राग मानू नका. मिशनऱ्यांची सेवा ही शेवटी धर्मांतरासाठीच होती ना? शाळा, दवाखाने, दुष्काळात अन्न. मग "साधना" हा शब्द जरा गोड नाही का वाटत?

निवृत्त_पाळक
राग कशाला. जिथे अन्नाच्या बदल्यात बाप्तिस्मा असा व्यवहार झाला असेल तिथे ती सेवा नव्हती, मी पाळक असून सांगतो. पण सगळं त्या एका पोत्यात घालू नका.

केडगावकर
@प्रश्नचिन्ह हा आरोप जुना आहे आणि पंडिता रमाबाईंवर तो त्यांच्या हयातीतच झाला. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी पुण्याला आणलं, आणि १८९३ मध्ये मुली ख्रिस्ती होतायत म्हणून गदारोळ झाला, रानडे-भांडारकरांसारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले. तेव्हा बाजू दोन्हीकडून वाचायला हवी.

पण मला वेगळं सांगायचंय. रमाबाई स्वतः ख्रिस्ताकडे कशा ओढल्या गेल्या बघा. १८८३ साली इंग्लंडला गेल्या, वाँटेजच्या सिस्टरांकडे राहिल्या. त्यांनी रमाबाईंना लंडनला फुलहॅमला आपलं काम बघायला पाठवलं, समाजाने टाकलेल्या, "पतित" म्हणून शिक्का बसलेल्या बायकांसाठीचं घर होतं ते. रमाबाई चकित झाल्या की या बायकांशी कोणी इतक्या मायेने कसं वागतं, आपल्याकडे तर हे कधी पाहिलं नाही. विचारलं तर एका सिस्टरने योहानाच्या चौथ्या अध्यायातली शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. हे त्यांनी स्वतःच्या साक्षीत लिहून ठेवलंय. म्हणजे भाकरी देऊन कोणी त्यांना वळवलं नाही, त्या तर संस्कृतच्या पंडिता, वादात कोणाला ऐकणाऱ्या नव्हत्या. दुसऱ्या कोणाची तरी चाललेली सेवा त्यांनी बाजूला उभं राहून पाहिली.

आणि पुढे पुणे जिल्ह्यात केडगावला त्यांचं मुक्ती मिशन उभं राहिलं त्यात १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या शेकडो मुली-बायका होत्या. तिथे नुसतं खाऊ घालून बसवलं नाही, छापखाना, विणकाम, शेती, सगळं त्या बायकांच्याच हातात. रमाबाईंनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर तिथल्याच छापखान्यात मुलींनी छापलं. ज्यांची सेवा केली त्याच पुढे सेवा करणाऱ्या झाल्या. कॅम्पवाली ताईंच्या "साधन" वाल्या शंकेला मला हे उत्तर वाटतं. समोरचा कायम घेणाराच राहिला तर काहीतरी चुकतंय.

प्रश्नचिन्ह
हे फुलहॅमचं माहीत नव्हतं. धन्यवाद. आरोप पूर्ण मागे घेत नाही, पण विचार करतो.

माळकरी
आमच्याकडे गाडगेबाबा. गावात आले की आधी खराटा, संध्याकाळी कीर्तन. कीर्तन ऐकायला गाव जमायचं, खराट्याला किती हात लागायचे ते तुम्हीच ओळखा. धागा आवडला, वाचतोय.

वचन_एके_वचन
शेवटी मार्था आणि मरीया या बहिणी बघा की. लूक १०. प्रभू घरी आला, मरीया ऐकत बसली, मार्था कामाने तणतणली, प्रभूने तिला थांबवलं आणि मरीयेने चांगला वाटा निवडला म्हणाला. विषय संपला.

खमंग
पुरुष मंडळींचं आवडतं वचन! जेवण झाल्यावर सांगतात.

निवृत्त_पाळक
संपला कसा? योहान १२ उघडा. त्यांच्या गावी, बेथानीलाच पुन्हा जेवण आहे, त्यांचा भाऊ लाजर पंगतीला बसलाय, मरीया सुगंधी तेल ओततेय, आणि मार्था? मार्था वाढतेय. प्रभूने बोलल्यावर तिने वाढणं सोडलं नाही. फक्त या वेळी तिची तक्रार कुठे नोंदलेली नाही. लूकमध्ये प्रभू तिला काय म्हणाला तेही नीट वाचा, काम करू नकोस असं नाही म्हणाला, पुष्कळ गोष्टींची काळजी करतेस, दगदग करतेस, असं म्हणाला.

वचन_एके_वचन
हा मुद्दा घेतो. योहान १२ चा असा विचार केला नव्हता.

मिरजेची_सिस्टर
नाइट ड्यूटीवरून आले आणि धागा एकदम वाचला. मिरजेत शिकले, नंतर दुसरीकडे नोकरी. आमच्या मिरजेत मिशन हॉस्पिटल १८९४ पासूनचं, डॉ. वानलेस यांचं, त्यामुळे सेवेवरची भाषणं आम्ही ट्रेनिंगमध्ये पोटभर ऐकलीत. भाषणातून काही शिकले असं आठवत नाही. शिकले ते बॅक केअरमधून.

अंथरुणाला खिळलेल्या पेशंटला दर दोन तासांनी कूस बदलून द्यायची असते. नुसतं वळवायचं नाही, टाचा बघायच्या, माकडहाड बघायचं, कुठे लाल झालंय का, बोटाने दाबून लाली जाते का बघायचं, नाही गेली तर जखम व्हायची सुरुवात. खालची चादर ओढून ताणून घ्यायची कारण एक सुरकुती राहिली तरी ती रात्रभर टोचते, आणि त्या माणसाला तोंडाने सांगता येत नाही. पहाटे तीनला हे कोणी बघत नाही. चार्टवर सही एकच, चादर ताणली तरी तीच आणि न ताणली तरी तीच.

तर ताई, चादर ताणताना मनात "ही माझी वाढ" असं येत नाही हो, सुरकुतीच येते मनात. मी रोज प्रार्थना करते पण प्रार्थनेत माझं डोकं दहा ठिकाणी पळतं, तिथे नाही पळत. साधना कशाला म्हणतात ते पाळकसाहेबांना विचारा, पण माझं मन जिथे सगळ्यात जास्त एका जागी राहिलंय ती जागा ही आहे.

@धाकटी_सून तुमच्याबद्दल वाचून वाईट वाटलं. आम्हाला आठ तासांनी रिलीव्हर येतो. तुम्हाला चार वर्षं रिलीव्हर नव्हता. ज्याला रजा नाही त्याला साधनेच्या गोष्टी सांगू नयेत, त्याच्या जागी जाऊन बसावं.

धाकटी_सून
@मिरजेची_सिस्टर थँक्यू. टाचांखाली आम्ही जुन्या साडीची घडी ठेवायचो. सासूबाईंना एकही जखम झाली नाही शेवटपर्यंत. हे कोणाला सांगायची वेळच आली नव्हती आजपर्यंत.

मिरजेची_सिस्टर
चार वर्षांत एकही बेडसोर नाही?? ताई, हे आमच्या वॉर्डात सुद्धा होत नाही. खरंच.

फौजेतला
मी मुक्तिफौजेचा (साल्व्हेशन आर्मी), नगरकडचा. आमची एक गोष्ट बऱ्याच ख्रिस्ती लोकांनाही माहीत नसते, आमच्याकडे बाप्तिस्मा नाही आणि प्रभुभोजनही नाही. १८८३ पासून जनरल बूथ यांनी ते बंद केलं. बाकीच्या मंडळ्या आम्हाला त्यावरून ऐकवतात. पण आम्हाला लहानपणापासून शिकवलं की ज्या टेबलावर तू भुकेल्याला बसवशील ते प्रभूचं टेबल. त्यामुळे सेवा साधना आहे का हा प्रश्न आमच्या घरात कधी उठलाच नाही. उलट अडचण अशी की कधीकधी नुसती सेवाच राहते, युनिफॉर्म, बँड, वाटप, रिपोर्ट, आणि गुडघे टेकायचे राहून जातात. दोन्ही बाजूला खड्डा आहे.

शिकागोकर
इकडे थँक्सगिव्हिंगला मोफत जेवणाच्या किचनमध्ये वाढायला इतकी गर्दी की आम्हाला परत पाठवलं, जागा नाही म्हणाले. फेब्रुवारीत गेलो तर कांदे सोलायला मी आणि एक म्हातारे गृहस्थ.

जुना_खोड
सगळे करणाऱ्यांच्या बाजूने लिहितायत. मी घेणाऱ्याच्या बाजूने लिहितो.

खुब्याचं ऑपरेशन झालं, मुलगा परदेशात, बायको गेलेली. चर्चमधला एक पोरगा रोज सकाळी येऊन मला आंघोळ घालायचा. वय वीस-बावीस. मी आयुष्यभर शाळामास्तर, पोरांना छडी मारलेला माणूस, आणि तो मला स्टुलावर बसवून पाठ चोळतोय. पहिल्या आठवड्यात मी त्याच्याशी धड बोललो नाही, लाजेने. पैसे देऊ केले, घेतले नाहीत, तर आणखी राग आला. पैसे घेतले असते तर हिशेब मिटला असता ना!

प्रभू शिष्यांचे पाय धुवायला लागला तेव्हा त्याच्या शिष्याचं, पेत्राचं काय झालं ते मला तेव्हा कळलं. "माझे पाय तू कधीच धुवायचे नाहीत" म्हणतो तो. आपल्याला वाटतं केवढी नम्रता. नम्रता कसली, मास्तरकी आहे ती. आणि प्रभू सरळ सांगतो की धुवू दिले नाहीस तर तुझा माझ्याशी संबंध नाही. तुमच्या पाळकांच्या नेमात हे पण घाला, एखाद दिवस दुसऱ्याला आपली सेवा करू द्या, गुपचूप. उपवासापेक्षा अवघड आहे, मी दोन्ही केलंय.

सडेतोड
मास्तर, हे आवडलं. बाकी काही बोलत नाही.

टोमॅटो_सार
सडेतोड गप्प बसले, धाग्याचं सार्थक झालं.

कॅम्पवाली
सगळ्यांचे आभार, इतके प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं.

माझ्या प्रश्नाचं मला आता असं वाटतंय की मी तो उलटा धरला होता. मी विचारत होते सेवा माझ्यासाठी की त्याच्यासाठी. सिस्टरांच्या चादरीपाशी ही निवडच उरत नाही. आणि केडगावकर म्हणाले तेही घेतलं, समोरच्याला कायम घेणारा ठेवायचं नाही. पण धाकटी_सून ताईंचा मुद्दा कोणी सोडवला नाही आणि तो मलाही सुटत नाही. गळ्यात पडलेल्या सेवेला साधना म्हणणं हे कधीकधी बाकीच्यांनी हात झटकण्याची सोय असते.

काल कमिटीत बोलले. तरुण संघ आधी रुसला. फोटो बंद झाले, तक्ता मात्र राहिला, पण त्यात आता केलेली कामं लिहायची नाहीत, मंडळीतल्या कोणाच्या घरी आजारी किंवा म्हातारं माणूस आहे आणि घरच्यांना कोणत्या दिवशी, किती वाजता सुट्टी हवी ते लिहायचं, ज्याला जमेल त्याने जाऊन बसायचं. पहिल्या दिवशी नऊ घरं आली. आमच्याच मंडळीत नऊ घरं आहेत हे कोणालाच माहीत नव्हतं, पाळकसाहेबांना पण नाही. आता अडचण अशी की पोरं जायला तयार आहेत पण आजाऱ्याजवळ बसायचं म्हणजे करायचं काय हे त्यांना माहीत नाही. कोणी अनुभवी सांगेल का?

वसईचा_वारा
आमच्या पॅरिशमध्ये सेंट विन्सेंट डी पॉल सोसायटी आहे, १८३३ मध्ये पॅरिसला ओझानाम नावाच्या विद्यार्थ्याने मित्रांबरोबर सुरू केलेली, घरी जाऊन भेटणे हेच मुख्य काम. माझे वडील त्यात होते, त्यांच्याकडून ऐकलेलं सांगतो. नेहमी दोघांनी जायचं, एकट्याने नाही. आधी फोन करून जायचं. त्या घरात काय बघितलं ते बाहेर कुठेही बोलायचं नाही, बायकोला पण नाही. गेल्या गेल्या प्रार्थना सुरू करायची नाही, आधी बसा, ऐका, प्रार्थना हवी का विचारा.

मिरजेची_सिस्टर
आणि फळं नेऊ नका, निम्म्या घरात शुगर असते. चप्पल बाहेर, हात साबणाने धुवायचे, मोबाईल सायलेंट. औषधाच्या वेळा घरच्यांकडून कागदावर लिहून घ्या. पाणी पाजताना डोकं वर केल्याशिवाय घोट द्यायचा नाही, ठसका लागतो. उचलायची वेळ आली तर काखेत हात घालून ओढू नका, खांदा निखळतो. रविवारी भक्तीनंतर पोरांना थांबवून ठेवा ताई, मी पुण्यात येणारच आहे, दोन तासांत कूस बदलायला शिकवते. एक उशी आणि दोन चादरी आणायला सांगा.

जुना_खोड
झोपून दाखवायला माणूस लागला तर सांगा, मी पण पुण्यातच असतो.